मशालीचा जाळ ब्याडगी मिरचीसारखा का दिसायलाय? मिनिएचरवर खरी वाटणारी ज्वाळा कशी रंगवायची

सीमाभागी_ब्रश
दिवाळीच्या किल्ल्यासाठी बारा मावळे रंगवायला घेतलेत. आठ मातीचे, साधारण १० सेंमीचे, आणि चार रेझिनचे २८ मिमीचे. हे चार किल्ला मोडल्यावर टेबलावरच्या खेळातही वापरायचेत. सहा जणांच्या हातात मशाल आहे. चेहरे, पागोटी, ढाली ठीक झाल्यात, पण जाळ काही केल्या जाळ वाटत नाही. क्रम असा धरलाय: सगळीकडे लाल, खाचांत काळपट वॉश (खाचेत साचणारा पाणीदार रंग), उंचवट्यावर नारिंगी, टोकांना पिवळा आणि शेवटी कडेला पांढरी रेघ. लांबून बघितलं तर काठीला ब्याडगी मिरची बांधल्यागत दिसतं. रंग ट्यूबमधले अ‍ॅक्रेलिक आहेत, ब्रश शून्य आणि दोन नंबरचे. नेमकं चुकतंय कुठं, सांगा की.

निपाणी_२८मिमी
रंग बरोबर हायत, क्रम उलटा झालाय. ढाल, शेला, घोडा ह्यांच्यावर उजेड बाहेरून पडतो. म्हणून खाच काळी आणि उंचवटा उजळ. जाळाचं तसं नाही. तो स्वतःच उजेड आहे. त्याचा गाभा सगळ्यात उजळ, आणि बाहेर, वर, टोकाकडं जाईल तसा गडद. म्हणजे खाचेत पांढरा-पिवळा आणि टोकाला लाल-काळा. काळा वॉश जाळाच्या खाचेत गेला की गाभाच विझतो. तिथंच मिरची होते.

२८ मिमीसाठी क्रम देतो:

जाळावर आधी शुद्ध पांढरा, दोन पातळ हात. रंग एक थेंब, पाणी एक थेंब. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) थेट पिवळा मारू नका. पिवळ्याला झाकायची ताकद नसते, पाच हात दिले तरी शेवाळल्यागत दिसतो.

मग पिवळा, एकाला तीन पाणी, सगळीकडे. तो आपोआप खाचेत साचतो आणि उंचवट्यावरून ओघळतो. आपल्याला खाचेत पांढरट हवं असल्यामुळं ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकानं खाचेतला जादा रंग टिपून घ्यायचा.

नंतर पिवळा-नारिंगी निम्मा-निम्मा करून वरच्या दोन तृतीयांश भागाला. शुद्ध नारिंगी वरच्या निम्म्याला, फक्त उंचवट्यांवर. लाल वरच्या एक तृतीयांशाला. आणि अगदी टोकाला, एक मिलिमीटरच, गडद तांबूस-तपकिरी. प्रत्येक वेळी ब्रश खालून वर ओढायचा, कारण रंगाचा जाड थर ब्रश उचलतो तिथं पडतो, आणि गडद रंग आपल्याला वरच हवाय.

शेवटी परत गाभ्यात पांढऱ्यात टिचभर पिवळा मिसळून दोन-तीन ठिपके. हा टप्पा गाळला तर सगळं नीट करूनही जाळ मंद राहतो.

अनगोळ_गल्ली
दहा सेंमीच्या मातीच्या मावळ्याला एवढी नक्षी कशाला? ड्रायब्रश करा आणि मोकळे व्हा. जाळाला पांढरट पिवळा बेस द्या, वाळू द्या. मग नारिंगी, लाल, काळपट तपकिरी ह्याच क्रमानं ड्रायब्रश. ड्रायब्रश उंचवट्यावरच धरतो, म्हणजे खाच आपोआप उजळ राहते. प्रत्येक पुढचा रंग आधीच्यापेक्षा कमी जागेवर. सहा मशाली तासात होतात.

ब्रश कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा व्हायला पाहिजे. हाताच्या पाठीवर ओढून बघा, नुसती भुकटी उमटली तर तयार. ओल राहिली तर पट्टे पडतात.

गोकाक_कुंचला
गडद करताना पिवळ्यात काळा घालू नका. पिवळा अधिक काळा म्हणजे शेवाळी हिरवा, आणि जाळात हिरवी झाक आली की ती लांबूनही खुपते. लाल गडद करायला त्यात जळका तपकिरी घाला. आणि लाल उजळ करायला पांढरा नको, त्याचा गुलाबी होतो. लालात नारिंगी, नारिंगीत पिवळा, पिवळ्यात पांढरा अशीच शिडी चढायची. पायरी गाळायची नाही.

पिवळे दोन लागतात. एक लिंबासारखा थंड, गाभ्याच्या पांढऱ्याजवळ. एक हळदीसारखा उबदार, नारिंगीत मिसळायला. एकाच ट्यूबवर दोन्ही कामं केलीत तर मधला भाग मातकट होतो.

उद्यमबाग_भट्टी
निपाणीकर दादांशी बहुतेक सहमत, पण "खाली पांढरा, वर लाल" हा नियम सगळ्या जाळाला लागत नाही. समईची ज्योत नीट बघा. वातीला लागून तळाशी बारीक निळसर, वातीभोवती अंधुक, आणि लख्ख पिवळा भाग त्याच्या वर, मधोमध. ज्योतीचा पिवळा उजेड काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. तळाशी ती काजळी अजून तयारच झालेली नसते, म्हणून तिथं उजेड कमी.

आणि रंगाचा क्रम का असा, तेही सांगतो, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. लोखंड साधारण ५२५ अंशाच्या आसपास अंधारात जेमतेम तांबूस दिसायला लागतं. ८०० ला चेरीसारखं लाल, ९५० च्या पुढं नारिंगी, ११०० च्या वर पिवळं. साच्यात ओततानाचं बीड (ओतीव लोखंड) १३५० ते १४०० अंशाला असतं, ते डोळ्याला पांढरट पिवळंच दिसतं. तापलेल्या काजळीचंही तसंच. जिथं गरम तिथं पिवळा-पांढरा, थंड होत गेली की नारिंगी, लाल, आणि पुढं नुसता काळा धूर. त्यामुळं जाळाच्या टोकावर काळपट येणं बरोबरच आहे.

निपाणी_२८मिमी
@उद्यमबाग_भट्टी अण्णा, समईसाठी मान्य. पण मशालीला चिंध्यांचा जाड बोळा असतो. जाळाचं मूळ त्या बोळ्याच्या मागं-पुढं दडतं, आणि जाळ बोळ्याच्या अंगावरूनच सुरू होतो. २८ मिमीवर निळा तळ दाखवायला गेलं तर गॅसची शेगडी वाटते. मशालीला सगळ्यात उजळ जागा खालचा एक तृतीयांश धरावा.

उद्यमबाग_भट्टी
चालेल, मशालीला तसंच धरा. किल्ल्यावर देवळापुढं समई किंवा पणती असेल तिथं मात्र मधोमध उजळ करा.

चुलवण
रंगाआधी आकार बघा की. आकार चुकला असेल तर रंग काही करू शकत नाही.

गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडाचा जाळ बघितलाय त्यांना लगेच कळेल. जाळ म्हणजे एक गोळा नसतो. तीन-चार जिभा असतात, प्रत्येकीची उंची वेगळी, प्रत्येक जीभ एकदा इकडं आणि एकदा तिकडं वळून वर निमुळती होते. बाजारातल्या मातीच्या मावळ्याच्या मशालीवर कांद्यासारखा गोळा असतो. तो रंगवून जाळ होत नाही. एम-सील घ्या, दोन्ही भाग सारखे मळा, आणि त्या गोळ्यावर तीन जिभा चढवा. अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, तेव्हा एका वेळी दोनच मशालींपुरतं मळायचं. बोटाला पाणी लावून काम करा म्हणजे चिकटत नाही. जीभ दीड सेंमीपेक्षा लांब असेल तर आत बारीक तांब्याची तार घाला, नाहीतर पहिल्याच धक्क्याला टोक तुटतं.

माप सांगतो. खऱ्या मशालीचा जाळ हात-दीड हात नसतो, ४० सेंमी धरा. २८ मिमीचा मावळा खऱ्या माणसाच्या साधारण साठावा हिस्सा. म्हणजे जाळ ६ ते ७ मिमी. दहा सेंमीच्या मावळ्याला सव्वादोन ते अडीच सेंमी. ह्याच्यापेक्षा मोठा केला तर मावळा झाड पेटवून निघाल्यागत दिसतो.

आणि वारा! बुरुजावरचा भगवा पूर्वेला फडकतोय आणि मशालीचा जाळ पश्चिमेला, असं फार दिसतं. सगळ्या किल्ल्याला एकच वारा धरा. धावत्या मावळ्याचा जाळ मात्र त्याच्या मागं पडतो, पाठीमागून जोराचा वारा नसेल तर.

चिकोडीकर
झेंडा आणि जाळाची गोष्ट एकदम पटली. आता प्रत्येक किल्ल्यावर आधी तेच बघितलं जाणार 😀

खानापूरची_अक्का
मातीच्या आठ मावळ्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. भाजलेली असो की कच्ची, माती पाणी ओढते. त्यावर पातळ पिवळा मारला तर पाणी माती पिऊन टाकते आणि रंग जागच्या जागी डाग होऊन बसतो, ओढताच येत नाही. आधी फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग असं करून सगळ्या अंगाला एक हात द्या. रात्रभर वाळू द्या. मग पांढरा अ‍ॅक्रेलिक किंवा जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर). कच्च्या मातीला फेविकॉलचे दोन हात, पण पहिला अगदी झरझर, घासत बसलात तर माती सुटते.

आणि पोस्टर कलर वापरू नका. तो वाळला तरी पाण्यानं परत विरघळतो. पिवळ्यावर नारिंगी ओढताना खालचा पिवळा उठून वर येतो. शिवाय किल्ला अंगणात असतो, दिवाळीत पहाटे दव पडतं. पोस्टर कलरचा जाळ सकाळी मावळ्याच्या मनगटावरून ओघळलेला असतो.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. धूर दाखवायला कापूस लावतात आणि तो पटकन चिकटावा म्हणून त्यावर फेविक्विक ओततात. असं अजिबात करू नका. कापसावर तो गोंद पडला की क्षणात तापतो, वाफ निघते, बोट भाजतं. डोळ्यात ती वाफ गेली तर आणखी वाईट. लहान मुलं हाताशी असतात. कापसाला पातळ फेविकॉलच लावायचा.

अनगोळ_गल्ली
अक्का, हे वर ठेवण्यासारखं आहे. धागा काढणाऱ्यांनी पहिल्या पोस्टमध्ये घालावं.

सीमाभागी_ब्रश
घालतो. क्रम उलटा करून बघितला, ड्रायब्रशवाला. फरक लगेच दिसायला लागलाय. दोन शंका राहिल्यात. फ्लोरोसंट रंग वापरू का? आणि किल्ल्यातल्या चार मोठ्या मशालींत सरळ एलईडीच घातला तर?

टिळकवाडी_एलईडी
एलईडीचं मी सांगतो. ३ मिमीचा पिवळा एलईडी, साधारण २ व्होल्ट घेतो. पेन्सिल सेल दोन, एकामागे एक जोडून ३ व्होल्ट. उरलेला १ व्होल्ट रेझिस्टरवर पाडायचा, १० मिलिअँपिअरला १०० ओहम येतो. चारही एलईडी समांतर जोडा, पण प्रत्येकाला आपापला १०० ओहम. चौघांत मिळून एकच रेझिस्टर घातला तर ज्याला थोडं कमी व्होल्टेज लागतं तोच जास्त करंट ओढतो, एक मशाल लख्ख आणि तीन मिणमिणत्या. लांब पाय अधिक बाजूला. बटण सेलवर पण चालतो, पण एवढ्या ओढीनं त्याचं व्होल्टेज लवकर पडतं, दिवाळीचे चार दिवस निघत नाहीत.

जाळ ग्लू गनचा करायचा. बेकिंग पेपरवर एलईडीच्या टोकावरून गरम गोंद सोडा, काठी उलटी धरा म्हणजे ओघळ खाली लोंबतो. थंड झाल्यावर सरळ केली की तीच वर जाणारी जीभ. रंग मात्र काचेवर लावतात तसले पारदर्शक घ्यायचे. खाली पिवळा, टोकाला नारिंगी. साधा अ‍ॅक्रेलिक मारला तर उजेड अडतो आणि पेटवल्यावर काळे डाग दिसतात.

गोकाक_कुंचला
एलईडीला माझा विरोध आहे, आणि कारण सांगतो. पारदर्शक जाळ दिवसा, सेल बंद असताना, नुसता गोंदाचा ओघळ दिसतो. रंगवलेला जाळ दिवसाही जाळ आणि रात्रीही जाळ. शिवाय एकाच बुरुजावर दोन पेटत्या एलईडी मशाली आणि दोन रंगवलेल्या ठेवल्या तर रंगवलेल्या मेलेल्या वाटतात. एकतर सगळ्या एलईडी करा, नाहीतर सगळ्या रंगवा.

फ्लोरोसंट चालेल, पण जपून. तो पारदर्शक असतो, खाली पांढरा नसेल तर काही दिसत नाही. नारिंगीच्या पट्ट्यावरून एकच पातळ हात, एकाला चार पाणी. सगळा जाळ फ्लोरोसंट केला तर रस्त्यावरच्या दुभाजकासारखा दिसतो. उन्हात तो लवकर उडतो. किल्ल्याच्या चार दिवसांना हरकत नाही, पण टेबलावरचे चार मावळे खिडकीत ठेवू नका.

टिळकवाडी_एलईडी
@गोकाक_कुंचला, एकत्र न ठेवण्याचं मान्य. पण दिवाळीचा किल्ला बघायला लोक संध्याकाळनंतरच येतात. रात्रीच्या वस्तूला रात्रीचाच हिशोब लावावा. नीट रंगवलेला ग्लूचा जाळ अंधारात जिवंत वाटतो, त्याची बरोबरी रंगानं होत नाही.

निपाणी_२८मिमी
मधला मुद्दा: ज्या उजेडात बघणार त्याच उजेडात रंगवा. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि पिवळा एकच दिसतात, म्हणजे गाभा दिसतच नाही. किल्ल्यावर पिवळी माळ सोडणार असाल तर गाभा पांढराच ठेवा, पिवळट करू नका, आणि लाल-काळ्याची जागा थोडी वाढवा. शिवाय बघणारा चार-पाच फुटांवर असतो. तिथून ग्लेझ, म्हणजे पाणीदार रंगाचे झिरझिरीत हात, काही दिसत नाहीत. किल्ल्याच्या मावळ्याला ढोबळ फरक, टेबलाच्या मावळ्याला बारीक.

आता खरं काम. जाळ कितीही चांगला झाला तरी मावळ्याच्या अंगावर त्याचा उजेड पडला नाही तर तो चिकटवल्यासारखाच दिसणार. उजेड कुठं पडतो ते ठरवायला सोपी युक्ती: डोळा मशालीच्या जागी नेऊन मावळ्याकडं बघायचं. तिथून जे दिसतं तेवढंच उजळतं. मशाल उजव्या हातात वर धरली असेल तर उजवा गाल, नाकाची उजवी बाजू, पागोट्याची उजवी कड, खांदा, हाताची आतली बाजू. हनुवटीखालचं आणि डावं अंग काळोखात. खात्री करायची असेल तर खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च मशालीच्या जागी धरा आणि फोटो काढून समोर ठेवा.

उजेड अंतराच्या वर्गाप्रमाणं घटतो. दुप्पट अंतरावर चौथा हिस्सा. म्हणजे मनगटावर भरपूर, गालावर बरा, कमरेला जवळजवळ नाही. लोक सगळ्या अंगाला सारखा नारिंगी फासतात, मग मावळा उजेडात नाही, शेंदरात दिसतो.

रंग: नारिंगी एक, पाणी पाच-सहा. ब्रश पुसून, तीन-चार हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा आत, मशालीकडं सरकलेला. शेवटी अगदी जवळच्या कडांना पिवळा. पांढरा नको. उजेड पडलेली जागा जाळापेक्षा उजळ कधीच नसते. आणि उरलेलं अंग आधी एक छटा गडद करा. सगळं अंग भर दुपारचं ठेवून उजेड दिसत नाही. तलवारीच्या पात्याला मात्र एक धारदार पिवळी रेघ चालते, धातू उजेड तसाच परत फेकतो.

चिकोडीकर
डोळा मशालीच्या जागी न्यायची युक्ती भारी आहे. ढालीच्या मधल्या घुमटाला कसं करायचं?

निपाणी_२८मिमी
घुमटाच्या मशालीकडच्या बाजूला चंद्रकोर, उलट बाजूला काही नाही. घुमटाची सावली ढालीवर पलीकडं पडते, तिथं गडद तपकिरी बारीक कोर. पितळी फुल्या असतील तर प्रत्येकीला तसाच टिंब, सगळे एकाच बाजूला.

खानापूरची_अक्का
मशालीचा बोळा विसरू नका. तो जाळाच्या रंगाचा नसतो. तेलानं काळा, जळका, आणि वरच्या कडेला निखारा. निखाऱ्यालाही जाळाचाच नियम लागतो: भेगेत नारिंगी-पिवळा, उंचवट्यावर काळा, आणि अगदी वर ड्रायब्रशनं राखेचा करडा हात. बोळा काळा असला की त्याच्या वरचा पांढरा-पिवळा गाभा दुप्पट उठतो.

अनगोळ_गल्ली
वार्निशचं कुणी सांगितलं नाही. स्प्रे वार्निश दमट दिवशी मारू नका. आपल्याकडं परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळतो. हवेतल्या ओलीनं वार्निश पांढरं पडतं आणि लाल-काळी टोकं राखेसारखी होतात. दुपारी ऊन असताना, २० ते २५ सेंमीवरून, डबा दोन मिनिटं हलवून, झुळझुळीत दोन हात. पांढरं पडलंच तर घाबरून खरवडू नका. पूर्ण वाळल्यावर ब्रशनं चकचकीत वार्निशचा एक हात द्या, बहुतेक वेळा धुकं जातं. मग वर परत मॅट.

गोकाक_कुंचला
जाळावर शेवटचा हात मॅटचाच. चकचकीत ठेवला तर बाहेरच्या ट्यूबलाइटचा पांढरा ठिपका टोकावर पडतो. जिथं आपण काळपट केलंय नेमकं तिथंच चमकतं, आणि सगळा उलटा क्रम परत सुलटा होतो.

सीमाभागी_ब्रश
ठरलं असं: मातीच्या मावळ्यांना फेविकॉल, एम-सीलच्या जिभा, ड्रायब्रश. चार रेझिनच्यांना ग्लेझ आणि अंगावर उजेड. एलईडी कुठंच नाही. बुरुजावर दोन तोफा पण आहेत. त्यांच्या तोंडातला जाळही असाच करू का?

उद्यमबाग_भट्टी
तोफेला वेगळं. बारूद उडतो तेव्हा तोंडाशी पांढरा-पिवळा भडका, नारिंगीची थोडी कड, आणि लगेच दाट धूर. तो धूर काळा नाही, पांढरट करडा असतो. काळा धूर तेलाच्या मशालीचा. लोक बरोबर उलटं करतात. तोफेला पांढरा कापूस, तोंडाजवळ दोन-तीन सेंमी आतून पिवळा-नारिंगी पातळ रंग टिपून. मशालीच्या टोकावर मात्र कोळशाची पूड, कोरड्या ब्रशनं, वार्निशच्या आधी.

चुलवण
आणि खरी पणती त्या एम-सीलच्या आणि रेझिनच्या मावळ्यांपासून वीतभर तरी लांब ठेवा. टिळकवाडीवाल्यांच्या ग्लूच्या जाळाला तर दोन वीत. पणतीच्या झळेनं तो लोंबायला लागतो.

टिळकवाडी_एलईडी
खरंय, दोन वीत.

सीमाभागी_ब्रश
अक्का, फेविकॉलचा पहिला हात आठही मावळ्यांना आत्ताच दिलाय. उद्या दुपारी ऊन पडलं तर पांढरा. तोवर भगव्याची दिशा ठरवतो.